खर्जाचा माणूस

जॉन फिलिप सूसा या अमेरिकन बँडमास्तराची ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’ ही १८९६ सालची रचना ऐकून जो तो पिकोलोचं कौतुक करतो. शेवटी शेवटी ही वीतभर बासरी अशी काही किलबिलते, की ऐकणारा खूश. वादकही पुढे येऊन उभे राहतात आणि टाळ्या घेतात. माझं म्हणणं, ही समीक्षा एकतर्फी आहे. मी पडलो बी.कॉम. जमेची बाजू पाहिली की नावेचीही पाहतो. आणि तिथं, मागच्या रांगेत, सूसाफोनवाला उभा असतो.

सूसाफोन म्हणजे अंगाभोवती अजगर गुंडाळावा तसं पितळी वाद्य. नळी सरळ केली तर अठरा फूट! सूसाच्याच कल्पनेवरून ते १८९०च्या दशकात घडवलं गेलं. पहिल्यांदा भोंग्याचं तोंड आभाळाकडे असे, म्हणून बँडवाले त्याला ‘पाऊस धरणारा’ म्हणत. सूसाला हवं होतं तेच. आवाज कुणाच्या कानाशी न भांडता सगळ्या बँडवर सायीसारखा पसरावा. पुढे भोंगा समोर वळवला. माझ्या मते तिथंच चुकलं.

हा माणूस वाजवतो काय? बहुतेक वेळ नुसतं ‘बूम्’. एक डाव्या पायाला, एक उजव्या. मधल्या एका भागाला बँडवाले ‘कुत्र्यांचं भांडण’ म्हणतात. तिथं मात्र खालच्या पितळेला गुरगुरायची संधी मिळते, आणि वडिलांच्या जुन्या रेकॉर्डवर ती जरा जास्तच घेतलीय. पण मी माफ करतो. वर्षभर बूम् करणाऱ्याने एकदा गुरगुरू नये?

मी बावीस वर्षं बँकेत लेजर लिहिलं. गेल्या साली तीन दिवस रजेवर होतो. परतल्यावर साहेबांना विचारलं, “माझ्यावाचून अडलं का काही?” ते म्हणाले, “अरे! तुम्ही रजेवर होतात?”

परवा मेव्हण्याच्या मुलाच्या वरातीतल्या बँडमध्ये एक सूसाफोन होता. मी त्याच्याच बाजूने चाललो होतो.

“अहो, नवरदेव तिकडे आहे!” सौ. म्हणाली.

थोड्या वेळाने गाणं एकदम पत्र्याच्या डब्यासारखं वाजू लागलं. ढोल होता, ट्रम्पेट होता, सगळे होते. सौ.ने कान टवकारले.

“अहो, बँडला काय झालं हो?”

“काही नाही,” मी म्हणालो, “तो पाणी प्यायला गेलाय.”