रॅम्प वर्गापर्यंत, जिमखान्याला पायऱ्या

संशोधनाला लागण्याआधी एक सवय लावून घ्या. आकडा दिसला की तो नेमका कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते आधी बघा.

उदाहरणार्थ, पुण्यातल्या एखाद्या कॉलेजचा २०२० च्या आसपासचा नॅकचा एसएसआर उघडा. त्यातला ७.१.७ हा मुद्दा दिव्यांगस्नेही परिसराचा. त्यात पाच गोष्टी विचारल्या आहेत: रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, सहाय्यक तंत्रज्ञान आणि लेखनिकासारखी मदत. पाचपैकी चार असल्या की सगळ्यात वरचा पर्याय. या मुद्द्यामुळे अनेक ठिकाणी रॅम्प आले असणार, हे मान्य. पण शब्द नीट वाचा. रॅम्प कशासाठी? वर्गात सहज जाता यावं म्हणून. मैदान, व्यायामशाळा, योगकेंद्र यांची माहिती ४.१.२ मध्ये वेगळी मागितली आहे आणि तिथे दिव्यांगांचा उल्लेखच नाही. म्हणजे दोन्हीकडे उत्तम ठरूनही जिमखान्याच्या दाराशी तीन पायऱ्या असू शकतात.

कायदा याहून पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम १६ शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीचीही समान संधी द्यायला सांगतं. मोजपट्टीच कायद्यापेक्षा आखूड निघाली, तर तिच्यावर उभा राहिलेला निष्कर्षही तोकडाच असणार.

मीही यात फसले आहे. एका ज्युनिअरच्या सर्वेक्षणात आम्ही जिमखान्याच्या दारातच फॉर्म वाटले. व्हीलचेअर वापरणारं कुणीच आलं नाही, आणि आम्ही लिहून मोकळे: ‘मागणी नाही’. जे आत पोचूच शकत नाहीत, ते आमच्या नमुन्यात येणार तरी कसे? आणि मागणीचंच म्हणाल, तर पुण्यात राहणाऱ्या मुरलीकांत पेटकरांनी युद्धात जखमी झाल्यावर पोहायला सुरुवात केली आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक आणलं.

मग करायचं काय? नमुना प्रवेशाच्या यादीतून घ्या. नावं गुप्त राहावीत म्हणून फॉर्म समान संधी कक्षामार्फत पाठवा. ‘किती वेळा येता?’ याआधी ‘का येत नाही?’ हे विचारा. आणि टेप घेऊन गेटपासून जिमखान्यापर्यंतची वाट मोजा. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. १:१२ उताराने ५.४ मीटर रॅम्प लागेल. तेवढी जागा आहे का, हेही लिहा. असा आकडा प्राचार्यांपुढे ठेवता येतो. ‘मागणी नाही’ लिहिलं, की विषय तिथेच संपतो.