'फ' तुकडीचं पुढे काय झालं?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दहावी फ' (२००२) परवा पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पिंपरीतल्या एका शाळेत 'अ' तुकडीत होतो. गणिताचे चांगले सर आम्हाला, 'फ'ला बहुतेक ऑफ तास. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंही नव्हतं.

सिनेमातली शाळाही मुलांना मार्कांवरून वाटून टाकते. 'अ'च्या मुलांशी भांडण होतं, 'फ'ची पोरं चिडून शाळेत मोडतोड करतात. त्यांना हाकलून देणं सोपं असतं. पण एक शिक्षक (अतुल कुलकर्णी) त्यांच्या पाठीशी उभा राहतो आणि पोरं स्वतः कमावून नुकसान भरून द्यायला निघतात. सिनेमाचं बळ इथेच आहे. तो या मुलांची कीव करत नाही. त्यांची घरं दाखवतो, त्यांच्या हातातली धमक दाखवतो. 'ढ' हा शिक्का शाळेने मारलेला आहे, हे भाषण न देता पटतं.

पण एक चांगला शिक्षक भेटला की गाडी रुळावर येते, हा सिनेमाचा भरवसा आज मला पुरत नाही. कारण शाळेबाहेरही 'फ' तुकडी आहेच.

माझ्या शाळेतला 'फ'मधला एक मित्र दोन वर्षं आयटीआयत फिटरचा ट्रेड शिकला आणि चाकणला 'नीम'चा ट्रेनी म्हणून लागला. एआयसीटीईने २०१३ साली आणलेल्या या योजनेत ट्रेनी कामगार धरला जात नव्हता. प्रशिक्षण तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, स्टायपेंड अकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या हिशोबाने. म्हणजे शिकलेल्या हाताचा भाव न शिकलेल्याएवढाच. काम मात्र पर्मनंटवाल्याच्या शेजारी, त्याच लाईनवर. मुदत संपली की दुसरी कंपनी, पुन्हा ट्रेनी.

मी त्याला सिनेमाची लिंक पाठवली. त्याने पूर्ण पाहिला. म्हणाला, "भारी आहे. पण त्यांना कोणीतरी सर भेटले. आम्हाला सुपरवायझर भेटला, तोही कंत्राटीच."

'दहावी फ' पाहाच, आजही तो खरा वाटतो. फक्त तो दहावीशी थांबतो. ही पोरं आता पस्तिशी ओलांडून गेली असतील. सकाळी सहाला भोसरीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांत त्यांतलं कोण उभं असेल, हा सिनेमा अजून कोणी काढलेला मी पाहिला नाही.