नाण्यावरील चैत्य आणि आपली घाई

अड्याळ-पवनी परिसरात सातवाहनांचे नाणे मिळाले की त्यावरील कमानींची टेकडी पाहून ‘हे बौद्ध राजाचे नाणे’ असा निर्वाळा दिला जातो. आम्हांस तो मान्य नाही. या चिन्हास चैत्य म्हणण्याची रूढी आहे; काही अभ्यासक त्यास पर्वत मानतात. शिवाय नाणेघाटच्या लेखात याच राजकुळाचे वैदिक यज्ञ नोंदलेले आहेत.

जोगळटेंभी (जि. नाशिक) येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी बहुसंख्य नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने हेच चिन्ह पुन्हा ठोकले. दुहेरी ठशाने ती खोटी ठरत नाहीत. सत्तांतराची साक्ष देतात. बाजारातल्या सुट्या नाण्याचे मात्र स्थळ हरवलेले, थर हरवलेला. पवनीच्या धम्मवारशास त्याचा आधार हवा कशाला? जगन्नाथ टेकडीच्या १९६९-७० च्या उत्खननात प्रत्यक्ष स्तूपच उजेडात आला आहे.