संरक्षण-प्रयोगशाळांतील अधिछात्रवृत्ती : एक परीक्षण

रायगडाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यात, नाते नावाचे गाव आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली तेथे झाला. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली, आणि १९१७ साली केंब्रिज येथे नैसर्गिक विज्ञानांची पदवी घेतली. पुढे विज्ञान मागे पडले, अर्थकारण आले. तथापि १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून उच्च शिक्षणाच्या अनुदानाची सूत्रे त्यांच्या हाती होती. पुढे त्या पदावर डॉ. दौलतसिंह कोठारी आले. कोठारी हे दिल्ली विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि १९४८ पासून संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार. म्हणजे विद्यापीठ आणि संरक्षण-प्रयोगशाळा ही दोन्ही घरे आतून पाहिलेला मनुष्य आयोगाच्या प्रमुखपदी बसला. या दोन घरांमधला दरवाजा आज कितपत उघडा आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

संरक्षण संशोधन व विकास संघटना १९५८ साली अस्तित्वात आली. महाराष्ट्रात तिच्या प्रयोगशाळा थोड्या नाहीत. पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन संस्था, पुण्याचीच उच्च-ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आणि अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा ही त्यांतील ठळक नावे. या प्रयोगशाळांत तरुणांना प्रवेश मिळतो तो मुख्यतः दोन पायऱ्यांनी. पहिली कनिष्ठ संशोधन-अधिछात्राची, दुसरी विद्यावाचस्पती झालेल्यांसाठी संशोधन-सहयोग्याची. प्रयोगशाळा आपले विषय जाहिरातीत देते, मुलाखत घेते, आणि मुदतीपुरती नेमणूक करते. दुसऱ्या पायरीसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा पस्तीस वर्षांची असते, आणि या नेमणुकीने कायम नोकरीचा हक्क प्राप्त होत नाही, हेही जाहिरातीतच स्पष्ट केलेले असते. यात लपवाछपवी नाही, ही जमेची बाजू प्रथम नोंदविली पाहिजे.

या योजनेचे मोल करताना विद्यावेतनाच्या आकड्यापाशीच थांबण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वेतन महत्त्वाचे नाही, असे म्हणण्याचा मोठेपणा गरीब विद्यार्थ्याच्या जिवावर मिरविणे योग्य नव्हे. परंतु अधिछात्रवृत्ती ही केवळ रक्कम नसते. ती देणारा आणि शोधणारा यांच्यातील एक करार असते. तो करार पारखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. संशोधनाचा प्रश्न कोण ठरवितो? त्याची योग्यता कोण तपासतो? आणि निष्कर्ष कोणाला वाचावयास मिळतात?

तुलनेसाठी अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेची सहयोगी-योजना घेऊ. १९५४ साली ती राष्ट्रीय मानक कार्यालयापासून सुरू झाली आणि कालांतराने वायुदलाच्या व भूदलाच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचली. तिच्यात नवे विद्यावाचस्पती आणि पदवीनंतर पाच वर्षांहून अधिक काळ संशोधन केलेले ज्येष्ठ असे दोन वर्ग आहेत. उमेदवार प्रयोगशाळेतील एखाद्या मार्गदर्शकाशी विचारविनिमय करून आपला प्रस्ताव स्वतः लिहितो, आणि त्याची छाननी प्रयोगशाळेबाहेरील तज्ज्ञांकडून होते. प्रयोगशाळेच्या गरजेबाहेर जाण्याची मुभा तेथेही नाही. सेनेचा पैसा सेनेच्या कामासाठीच असतो. तरीही प्रश्न मांडण्याचा पहिला मान उमेदवाराकडे राहतो. आपल्याकडे उमेदवार बहुधा आधीच आखलेल्या कामात हात लावण्यासाठी घेतला जातो. पहिल्या रीतीत संशोधक घडतो, दुसरीत कुशल सहायक. देशाला दोघांचीही गरज आहे. मात्र सहायकाला संशोधक म्हणून संबोधल्याने तो संशोधक होत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. महाविद्यालयात दहापंधरा वर्षे शिकविलेला प्राध्यापक या दोन पायऱ्यांपैकी एकीवरही बसत नाही. वयाची अट त्याला बाहेर ठेवते. विद्यापीठांना बाह्य संशोधनासाठी अनुदाने मिळतात हे खरे. पण अनुदान प्राध्यापकाला त्याच्याच खोलीत ठेवते, अधिछात्रवृत्ती त्याला दुसऱ्याच्या उपकरणांपाशी नेऊन उभा करते. पुण्यामुंबईच्या विभागांना हा भेद फारसा जाचत नाही. महाड-पोलादपूरच्या विज्ञान-शिक्षकाला तो जाचतो, कारण त्याच्यापाशी मुळात उपकरणेच थोडी.

हे केवळ प्राध्यापकांच्या सोयीचे गाऱ्हाणे नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले, आणि सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. याच्या आदल्या वर्षी, २०२० साली, मनालीची हिमस्खलन अध्ययन संस्था आणि दिल्लीची भूप्रदेश संशोधन प्रयोगशाळा एकत्र करून संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था स्थापन झाली होती. उतार केव्हा आणि का सुटतो, हा तिच्या अभ्यासाचा विषय. तिचे क्षेत्र प्रामुख्याने हिमालय, कारण सेनेचे रस्ते आणि ठाणी तेथे आहेत. सह्याद्रीच्या दरडींचा शोध भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, तेव्हा संरक्षण-प्रयोगशाळेने तळिये का पाहिले नाही, असा दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु उतार मोजण्याची, पावसाचे पाणी मातीत मुरताना तिची पकड कशी सैल होते ते जाणण्याची विद्या सैनिकी आणि मुलकी अशी दोन नसते. महाडचा एखादा भूगोलाचा किंवा भूशास्त्राचा शिक्षक वर्षभर अशा संस्थेत राहून परतला, तर त्याच्या वर्गातील वीस मुले पुढच्या पावसाळ्यात आपापल्या वाडीमागचा डोंगर वेगळ्या नजरेने पाहतील. डोंगराला पडलेली भेग प्रथम गावकऱ्याला दिसते. ती कोणाला सांगावी आणि तिचा अर्थ काय, हे त्याला ठाऊक असणे याला ज्ञानप्रसार म्हणतात.

येथे गुप्ततेचा आक्षेप उभा राहील, आणि तो पोकळ नाही. स्फोटकांचे प्रमाण किंवा क्षेपणास्त्राची रचना नियतकालिकात छापावी, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा अस्तित्वात आहे आणि अधिछात्रालाही तो बांधतो. मात्र गुप्तता ही विषयाची असावी, वास्तूची नव्हे. प्रयोगशाळेच्या कुंपणाआत घडते ते सारेच गुप्त मानले, तर गंजरोधक लेप, पिण्याच्या पाण्याची शुद्धी आणि दरडीची पूर्वसूचना ही बंदुकीच्या दारूबरोबर एकाच कपाटात जातात. तरुण अधिछात्राची त्यात दुहेरी हानी होते. मुदत संपल्यावर नोकरीचा हक्क नाही, आणि केलेले काम दाखविता येत नसेल तर दुसरीकडे जाण्याचे साधनही नाही. म्हणून नेमणुकीच्या पत्रातच कामाचा कोणता भाग प्रसिद्ध करता येईल, हे लिहिलेले असावे. तेवढी सावधगिरी संशोधकाच्या हिताची आहे आणि प्रयोगशाळेच्याही.

तेव्हा मागणे तीन आहे. विद्यावाचस्पती झालेल्याला आपला प्रस्ताव मांडू द्यावा व त्याची परीक्षा बाहेरच्या तज्ज्ञांनी करावी. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी वयाची अट नसलेली एक ज्येष्ठ पायरी निर्माण करावी. आणि प्रकाशनाची मर्यादा आरंभीच ठरवावी. यांतील कोणत्याही मागणीने देशाच्या संरक्षणाला बाध येत नाही.

देशमुखांना १९१२ साली शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ती देणाऱ्याने त्यांच्याकडून अमुकच काम हवे अशी अट घातलेली नव्हती. सैनिकी प्रयोगशाळेला तितके उदार होता येणार नाही, हे मान्य. पण नात्याच्या किंवा पोलादपूरच्या विद्यार्थ्याने तेथे जाऊन जे शिकले, त्यातला काही अंश सावित्रीच्या खोऱ्यात परत यावा, एवढी अपेक्षा करण्यास हरकत नसावी.