एव्होराचे आराखडे: चित्र उचललं, मजकूर राहिला

पोर्तुगालमधल्या एव्होरा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात १६३५ सालचं एक हस्तलिखित आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातले पूर्वेकडचे किल्ले, शहरं आणि वस्त्या यांची त्यात नोंद आहे. मजकूर गोव्यातला सरकारी इतिहासकार आंतोनियु बोकारो याचा. सोबतचे ४८ रंगीत आराखडे व्हाइसरॉयचा सचिव पेद्रु बार्रेतु द रेझेंद याचे मानले जातात. दीव, दमण, वसई, चौल, गोवा ही आपल्या ओळखीची ठिकाणं त्यात आहेत, त्यामुळे हे आराखडे आपल्या मंडळींत सारखे फिरत असतात. फिरावेतच, देखणे आहेत. माझी तक्रार आहे ती आपल्या वाचण्याबद्दल.

हे काम राजाच्या हुकमावरून झालं. डच आणि इंग्रज समुद्रावर जोर करत होते, तेव्हा आपल्याकडे काय आहे आणि ते कितपत टिकेल, हे लिस्बन-माद्रिदला हवं होतं. म्हणून तट, बुरूज आणि चर्च ठसठशीत दिसतात. शेतं, वाड्या, पाणवठे जागा उरली तर. ठिकाण उंचावरून तिरकं पाहिल्यासारखं काढलंय, मोजून नव्हे. तरी आपल्यातले काही जण तो आराखडा उपग्रहचित्रावर ठेवून अंतरं काढतात. एखादं देऊळ त्यात दिसत नाही, म्हणून ते तिथे नव्हतंच, असंही म्हणतात. हा पुरावा नव्हे.

वसईचं उदाहरण घ्या. चिमाजी अप्पांच्या १७३९च्या मोहिमेवरच्या लेखाला हाच आराखडा जोडलेला मी पाहिलाय, सालाचा उल्लेख न करता. मधे १०४ वर्षं गेली! तेवढ्यात तटबंदीत किती भर पडली, किती पडझड झाली, हे आराखडा कसं सांगणार?

खरी माहिती बोकारोच्या मजकुरात आहे. तटाची उंची, तोफा, उत्पन्न, पोर्तुगीज घरं किती, स्थानिक ख्रिस्ती घरं किती, हे तो वेगवेगळं मोजतो. ही विभागणीच त्या राजवटीबद्दल खूप काही सांगून जाते, आणि चित्रात ती दिसत नाही. रेझेंदचं चित्र आणि बोकारोचा मजकूर ही एकाच दस्तऐवजाची दोन अंगं आहेत. आपण एक उचललं आणि दुसरं तिथेच ठेवलं.

तेव्हा एवढं तरी करूया. आराखडा छापताना साल आणि ग्रंथालयाचं नाव द्यावं, आणि त्या ठिकाणाचा बोकारोचा मजकूर मराठीत शेजारी ठेवावा. आपल्यात पोर्तुगीज जाणणारे आहेत. वसई आणि चौलपासून सुरुवात केली तरी पुष्कळ झालं.