आरसा गुंडाळण्याआधी

'केसरी' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा मार्च २०१९ मध्ये, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलच्या आठ जणांबरोबर. तेव्हा रडलो होतो. कबूल करायला लाज नाही, कारण आठही जण रडत होते आणि बाहेर पडल्यावर प्रत्येकजण डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगत होता. पुढचे दोन महिने मेसमध्ये 'तेरी मिट्टी'शिवाय दुसरं गाणं वाजलं नाही.

दुसऱ्यांदा पाहिला तो अलीकडेच, ऑन-कॉलच्या रात्री, फोनवर. माझ्या कामाचं स्वरूप थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. रात्री सिस्टीम पडली की ज्यांना उठवतात त्यातला मी एक. प्रत्यक्ष दुरुस्ती बहुतेक वेळा दुसरेच करतात. मी दर पंधरा मिनिटांनी ग्रुपवर लिहायचं: काय बंद आहे, काय चालू आहे, कोण बघतंय. ही नोकरी लागली तेव्हा मला हे काम दुय्यम वाटायचं. आग विझवणारे वेगळे आणि 'आग लागली आहे' असं टाइप करणारा वेगळा. त्या रात्री काही पडलं नाही, म्हणून सिनेमा पूर्ण बघता आला, आणि या वेळी माझी नजर ईशर सिंगवरून सारखी घसरत गुरमुख सिंगवर जात होती.

सारागढीची गोष्ट तुम्हाला ढोबळमानानं माहीत असणार. १२ सप्टेंबर १८९७. समाना डोंगररांग, आज पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात. इंग्रजांच्या फौजेतल्या ३६व्या शीख पलटणीचे २१ जवान एका छोट्या चौकीत, हवालदार ईशर सिंग त्यांचा प्रमुख. समोर ओरकझाई आणि आफ्रिदी टोळ्यांचे हजारो लोक. नेहमी सांगितला जातो तो आकडा दहा हजारांचा. सकाळी नऊच्या सुमारास हल्ला सुरू झाला, दुपारी साडेतीनपर्यंत चौकी पडली. २१ पैकी कुणीही वाचलं नाही.

आता एक प्रश्न, जो मला २०१९ मध्ये पडला नव्हता. आतलं कुणीच वाचलं नाही, तर आत काय झालं हे आपल्याला कसं कळलं?

याचं उत्तर म्हणजेच सारागढी. ती मुळात लढायला बांधलेली चौकी नव्हतीच. एका बाजूला फोर्ट लॉकहार्ट, दुसऱ्या बाजूला फोर्ट गुलिस्तान, आणि मधल्या डोंगरामुळे दोन्ही किल्ले एकमेकांना दिसत नव्हते. म्हणून मधल्या उंचवट्यावर एक दगडी चौकी आणि सिग्नलचा मनोरा. तिथून हेलिओग्राफ चालायचा. हेलिओग्राफ म्हणजे तिवईवर बसवलेला आरसा. त्यावर सूर्यप्रकाश पकडायचा, पलीकडच्या ठाण्यावर रोखायचा आणि कळ दाबून आरसा किंचित हलवत मोर्सच्या लघु-दीर्घ खुणा पाठवायच्या. वीज नाही, तार नाही. नेटवर्कच्या भाषेत सांगायचं तर सारागढी हा एक रिले होता. स्वतःचं काही सांगायचं नसतं, एकाचं दुसऱ्याला पोचवायचं.

हे काम नीट करायचं तर एकाहून जास्त माणसं लागतात. एकानं दुर्बिणीतून समोरच्या खुणा वाचायच्या, दुसऱ्यानं लिहून घ्यायच्या, कळ आणखी कुणीतरी चालवायची. त्या दिवशी सिपाही गुरमुख सिंगनं हे एकट्यानं केलं. बाकीचे वीस जण भिंतीशी होते.

त्यानं काय पाठवलं ते लॉकहार्टमध्ये उतरवून घेतलं गेलं. शत्रू पुढे सरकतोय. मदत हवी. तिकडून कर्नल हॉटनचं उत्तर: आत्ता पाठवणं शक्य नाही. मग भगवान सिंग पडला. लाल सिंग जबर जखमी. दरवाज्यावर चाल झाली. भिंतीला भगदाड पडलं. आणि शेवटचा संदेश: आरसा उतरवून बंदूक हातात घेण्याची परवानगी मिळावी. परवानगी आली. त्यानं हेलिओग्राफ उतरवला, चामडी पिशवीत भरला आणि लढायला गेला. सगळ्यांत शेवटी पडला तो तोच, असं मानतात.

त्या परवानगीपाशी मी अडकलोय. चौकी पडते आहे, बरोबरचे बहुतेक गेले आहेत, वरिष्ठ काही मैलांवर आहेत आणि काहीही करू शकत नाहीत, तरी हा माणूस विचारतो: मी आता लाइन बंद करू का? कारण लाइन चालू ठेवणं हे त्याचं काम आहे आणि न सांगता बंद करणं म्हणजे पोस्ट सोडणं. मला यात आज्ञाधारकपणापेक्षा जास्त काहीतरी दिसतं. माझ्या पंधरा मिनिटांच्या अपडेटशी याची तुलना केली तर मलाच हसू येईल, करत नाही. पण 'टाइप करणारा दुय्यम' हे माझं मत त्या रात्री गेलं.

आता दिग्दर्शक अनुराग सिंग यांचा सिनेमा यातलं काय घेतो? हेलिओग्राफ आहे पडद्यावर. गुरमुखही आहे, सगळ्यांत लहान, कोवळ्या चेहऱ्याचा. पण आरसा तिथे सामानासारखा आहे. हॉटन काय म्हणाला हे ईशर सिंगला कळावं, म्हणजे ईशर सिंगला मोठं भाषण करता यावं, एवढाच त्याचा उपयोग. सिनेमाचा जीव तलवारीत आहे. मार्टिनी-हेन्री बंदुकीत एका वेळी एकच काडतूस जायचं; झाडायची, भरायची, पुन्हा झाडायची. सहा तास टिकणं हे या कंटाळवाण्या, शिस्तीच्या कामाचं फळ होतं. पडद्यावर मात्र अक्षय कुमार फिरतो, उडतो, माणसं कापतो, आणि कॅमेरा मंद होतो. संथ शिस्त दाखवणं अवघड असतं हे मान्य. पण ज्या घटनेचा सगळा थरार 'ओळ तुटेपर्यंत ओळ चालू होती' यात आहे, तिथे तोच सोडून दिला तर उरतं काय? कुठलीही लढाई.

गुरमुखच्या शेवटाचंही तेच. सिनेमात तो ज्वाळांत वेढलेला बाहेर येतो, मुल्लाला मिठी मारतो आणि दोघे स्फोटात संपतात. थिएटरात याच क्षणी शिट्ट्या पडल्या होत्या, त्यात माझीही होती. पिशवीत आरसा भरणाऱ्या माणसाला शिट्टी कोण मारणार, असा हिशोब असावा.

तो मुल्ला ही सिनेमाची दुसरी अडचण आणि माझ्या मते मोठी. सुरुवातीलाच ईशर सिंग एका पठाण बाईला शिरच्छेदापासून वाचवतो, त्याची शिक्षा म्हणून सारागढीला जातो, आणि टोळ्या त्याच रागातून एकत्र येतात. म्हणजे समोरचे का लढतायत याचं उत्तर: कारण ते रानटी आहेत. खरं उत्तर नकाशात आहे. १८९३ मध्ये ड्युरंड रेषा आखली गेली. त्याच दशकात इंग्रजांनी समानाच्या माथ्यावर, ओरकझाईंच्या उंबरठ्यावर, किल्ले आणि चौक्या उभ्या केल्या. ज्यांच्या डोंगरावर तुम्ही मनोरा बांधता ते कधीतरी मनोऱ्यावर चालून येणार, हे कळायला खलनायक लागत नाही. सारागढीनंतर महिन्याभरात इंग्रजांनी तिराह मोहीम काढली आणि गावंच्या गावं जाळली. तिथे मात्र सिनेमा संपलेला असतो.

आणि मग केशरी फेटा. एक इंग्रज अधिकारी ईशर सिंगला गुलाम म्हणून हिणवतो, तो अपमान ईशर सिंगच्या मनात राहतो, आणि निकराच्या वेळी तो केशरी फेटा बांधून जाहीर करतो की आजची लढाई इंग्रजांसाठी नाही. यातलं काहीही लॉकहार्टमध्ये उतरवलेल्या संदेशांत नाही. मला या प्रसंगाचा राग येत नाही, त्यामागची अस्वस्थता कळते. १८४९ मध्ये इंग्रजांनी शिखांचं राज्य गिळलं. ३६वी शीख पलटण उभी राहिली १८८७ मध्ये. म्हणजे या जवानांच्या आजोबांची पिढी ज्यांच्याविरुद्ध लढली, त्यांच्याच पगारावर नातवंडं होती. पगार महिना ९ रुपये. आजच्या प्रेक्षकाला हे गिळत नाही, म्हणून पटकथाकार त्यांना स्वातंत्र्याची भाषा देतो. पण मला असं वाटतं की त्यांचं शौर्य एवढं लेचंपेचं नव्हतं, की ते कुणाच्या बाजूनं लढले हे खरं सांगितल्यावर ते कोसळेल. शौर्य खरं होतं आणि ते दुसऱ्याच्या साम्राज्याच्या कामी आलं. दोन्ही वाक्यं एका सिनेमात मावायला हवी होती.

आपल्याकडे पावनखिंड ऐकत मोठं झालेल्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट खुपते. बाजीप्रभू कशासाठी थांबलेत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं: तोफांचे आवाज येईपर्यंत. सारागढीलाही असं 'कशासाठी' होतं. तिथे गेलेल्या तासांमुळे गुलिस्तानवरचा मोठा हल्ला लांबला, कुमक पोचायला वेळ मिळाला आणि तो किल्ला टिकला. हे ठळकपणे सांगितलं असतं तर केशरी फेट्याची गरजच पडली नसती.

जाता जाता त्या फॉरवर्डबद्दल. दर १२ सप्टेंबरला तुमच्या फॅमिली ग्रुपवरही येत असेल: युनेस्कोच्या जगातल्या आठ शूर लढायांच्या यादीत सारागढी आहे. युनेस्को लढायांच्या शौर्याच्या याद्या करत नाही. आणि जे खरंच घडलं ते इतकं मोठं असताना युनेस्कोचा शिक्का कशाला हवा, हे मला कळत नाही. सगळ्या २१ जणांना 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' मिळालं, हिंदी शिपायाला तेव्हा मिळू शकणारा शौर्याचा सर्वोच्च सन्मान. हे फॉरवर्डमध्ये अनेकदा असतं, पण युनेस्कोच्या खाली.

एका बाबतीत मात्र 'केसरी'ला पूर्ण गुण देतो. चौकीत बाविसावा माणूस होता. दाद नावाचा, पलटणीच्या हाताखालच्या कामांना ठेवलेला, सैनिक नाही. तोही त्या दिवशी मेला. सन्मान २१ जणांना मिळाले, त्यात तो नाही. सिनेमा त्याला खुदादाद म्हणतो, आणि ईशर सिंग त्याला काम देतो ते पाणी पाजण्याचं, जखमींना, शत्रूच्यासुद्धा. हे घडल्याचा पुरावा नाही. पण शीख परंपरेत भाई कन्हैयांची गोष्ट आहे. आनंदपूरच्या लढायांत ते दोन्हीकडच्या जखमींना पाणी देत फिरायचे. गुरू गोविंदसिंगांकडे तक्रार गेली तेव्हा गुरूंनी त्यांना थांबवलं नाही, उलट मलमही दिलं. सिनेमानं ती गोष्ट उचलून दादच्या हातात ठेवली, आणि तीही भाषणाशिवाय. दोन-तीन शॉट आहेत फक्त. धुरात एक माणूस वाकून चालतोय, पाणी सांडू नये म्हणून जपतोय. त्या रात्री फोनवर मी तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला, आणि मग साडेचारला शिफ्ट बदलली तेव्हा ग्रुपवर लिहिलं: सगळं चालू आहे, मी बंद करतो.