फाशाविना शास्त्रज्ञ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आपल्या मुलांच्या हाती आला की धर्मग्रामातील पालक धास्तावतात. चार-पाचजण टेबलाभोवती बसतात. सूत्रधार कथा रचतो, बाकीचे योद्धा वा जादूगार होतात आणि वीस बाजूंचा फासा यशापयश ठरवतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९८०च्या दशकात तेथील काही ख्रिस्ती मंडळींनी त्यावर सैतानपूजेचा आळ घेतला. आम्हांस ती भीती अनाठायी वाटते. परीकथेतल्या जादूने कोणाची श्रद्धा ढळल्याचे आम्ही पाहिलेले नाही. आमची तक्रार जादूगाराविषयी नसून शास्त्रज्ञाविषयी आहे.

२००४ साली कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ या कल्पित जगातून ‘आर्टिफिसर’ हे पात्र आले. हा यंत्रे घडवणारा, रसायने ढवळणारा संशोधक. २०१९च्या नियमांनुसार हाती अवजार धरल्यावाचून त्याचा मंत्र चालत नाही, ही कल्पना सुरेखच. कारागिराच्या हाताला एवढा मान कोण देतो? पण पुढे? आठ तासांची विश्रांती झाली की तो साध्या वस्तूला स्पर्श करतो आणि ती मंतरलेली होते. त्यासाठी फासा टाकावाच लागत नाही! योद्ध्याचा वार हुकू शकतो, संशोधकाची ही निर्मिती मात्र कधीच फसत नाही.

परीक्षा टळली की शास्त्रज्ञ उरतच नाही. १९७४ सालीच डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. कीर्तीचा टेकू नको, कथेचीच पारख व्हावी, हा बाणा शास्त्रज्ञाचा.

आमच्या परभणीकरांना तर दूर जायला नको. येथील कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी घ्या. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला तोंड देण्यासाठी ‘पुसा सावनी’चा संकर तिच्या रानटी भावंडाशी केला, ती संतती पुन्हा ‘पुसा सावनी’शी जोडली आणि पिढ्यान्‌पिढ्या रोपे निवडली. निवडलेल्यांहून टाकलेली रोपेच अधिक. पुढे अनेक भागांत या वाणाचीही प्रतिकारशक्ती ओसरली.

सूत्रधाराला नियम बदलण्याची मुभा असते. त्याने आर्टिफिसरलाही फासा टाकायला लावावा, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा.